डाव्या पायाचा कागद

४ नोव्हेंबर

ताई,

शिबिरात येऊन महिना झाला आणि हे पहिलं पत्र. तेव्हा आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. फोन आल्या दिवशीच जमा करून घेतले. रविवारी पाच मिनिटं मिळतात, तीही ऑफिसातल्या एकाच फोनवर, मागे बाराजण रांगेत उभे. त्यात तुझ्याशी बोलायचं म्हणजे ‘जेवलास का’मध्येच चार मिनिटं जातात. त्यापेक्षा पत्र बरं.

कामाचं सांगतो. निवड चाचणी सहा जानेवारीला आहे. माझ्या वजनगटात नऊजण, जागा एक, आणि नवांत सगळ्यात म्हातारा मी. पोरं मला काका म्हणतात. कोचना आम्ही घड्याळ म्हणतो, कारण गळ्यातलं स्टॉपवॉच ते अंघोळीला जातानाही काढत नसावेत. ते परवा म्हणाले, “ही तुझी शेवटची.” मी म्हटलं, माहिती आहे. ते स्टॉपवॉचकडे बघत राहिले.

माझे कुस्तीचे बूट संपले. उजव्याचा तळ अंगठ्याखाली फाटलाय आणि दोन्हींची घोट्यावरची शिवण गेलीय. इथे दुकानात मिळतात, चांगले चकचकीत, पण घातले की पाय परक्याच्या घरी पाहुणा गेल्यासारखा अवघडून बसतो. मला तुझ्या हातचे हवेत. दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवून काढलेले मापाचे कागद सोबत आहेत. बाबांच्या नियमाप्रमाणे उभं राहून काढलेत, बसून नाही.

बूट तेवढे कर. बाकी इथे सगळं ठीक आहे, काळजी करत बसू नकोस.

बारक्या


१२ नोव्हेंबर

बारक्या,

शिव्या घालून झाल्या. दाजींनीही दोन घातल्या, त्या वेगळ्या धर.

तुझ्या पायांच्या मापाचे लाकडी फर्मे फळीवरून काढले. धूळ इतकी की मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचे आहेत. सध्या बाकावर वजन उचलणाऱ्या एका बाईंचे बूट आहेत. त्यांना टाचेखाली लाकूड लागतं, तेही दगडासारखं. त्याआधी एका धावणाऱ्याचे केले, तो प्रत्येक टाका मोजून म्हणायचा, एवढं वजन कशाला. एकाला जमिनीला खिळून राहायचंय, एकाला जमीन सोडायचीय. तुम्हा कुस्तीवाल्यांचं सगळ्यात अवघड. तुम्हाला बूट घातलाय हे कळायलाच नको असतं.

कागद मिळाले. उजवा छान आहे. डावा जरा घाईत काढलेला दिसतोय. तुझ्या डाव्या करंगळीवर मी लहानपणी बूट ठोकायची लोखंडी तिपाई पाडली, तेव्हापासून ती शेजारच्या बोटाच्या अंगावर चढून बसलेली. लोक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, मी तुझ्या पायावर पाडला. कागदावर मात्र ती शहाण्या मुलीसारखी सरळ उभी आहे. पंचवीस वर्षांनी सुधारली म्हणायची.

असो. मी जुन्या फर्म्यावर बघून घेते.

काळजी करू नकोस म्हणतोस, तर करत नाही. सहा वर्षांपूर्वी तुझ्या खांद्याबद्दल मी तुझ्या त्या वेळच्या कोचना कळवलं, त्यांनी तुला घरी पाठवलं आणि तू दीड वर्ष माझ्याशी बोलला नाहीस. दारावरून जायचास, आत यायचा नाहीस. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझ्या तोंडाला आता कुलूप आहे आणि किल्ली तुझ्याकडे.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

करंगळीचं म्हणशील तर पेन्सिल घसरली असेल. कागद काढताना मागे चारजण हसत उभे होते. तू जुन्या फर्म्यावरच कर.

फक्त एक बघ. डावा बूट वरच्या बाजूला, नाडीखाली, जरासा सैल ठेव. फार नाही. इथे थंडी भलतीच आहे, मी हल्ली दोन मोजे घालतो. आणि तळ नेहमीपेक्षा थोडा टणक जमला तर बघ.

खांद्याचं तू काढलंस म्हणून लिहितो. मी तेव्हा गाढवासारखा वागलो. पण ताई, तेव्हा पंचविशीत होतो, पुढे वर्षं होती. आता नाहीत. एवढंच.

दिवसाला दोन सराव चालू आहेत. माझ्या खोलीत बुटांचा असा वास येतो की खिडकीवरची माणसाळलेली मांजरसुद्धा राहायला दुसरीकडे गेली.

बारक्या


१५ डिसेंबर

बारक्या,

खोक्यात बूट आहेत. नीट बघून घे.

थंडी एकट्या डाव्या पायाला वाजते हे मला नवीन आहे. पण केलाय सैल. नाडीखाली अस्तर मऊ चामड्याचं घेतलंय, टोचणार नाही. तळ तू म्हणालास तसा. टाच नाही, खिळा नाही, पत्रा नाही, पंचांनी कितीही चाचपलं तरी त्यांना काही सापडायचं नाही. नाडीवर पट्टी लांब ठेवलीय, गाठ झाकून जाईल.

तीन वेळा उसवून शिवला डावा. उजवा एका दिवसात झाला. दाजी म्हणाले, सवत आहे का ती तुझी. मी म्हटलं, लाडका आहे.

आधी दोन दिवस खोलीतच घालून फीर, मग मॅटवर जा. आणि मग जोर लाव. बाबा असते तर त्यांनी पहिल्या रांगेत बसून तुझ्याकडे नाही, बुटांकडे बघितलं असतं. मीही तेच करणार होते, पण रविवारी फोनवर तू येऊ नकोस म्हणालास.

ताई


२४ डिसेंबर

ताई,

खोकं परवा आलं. आधी दोन्ही बुटांत हात घालून पाहिला, बाबा बघायचे तसा, अगदी पुढच्या टोकापर्यंत. मग घातले. दोन दिवस खोलीतच फिरलो, तुझं ऐकलं.

आज मॅटवर उतरलो. ताई, काय बूट केलेस तू. डावा पाय जमिनीवर असा बसतो की कुणीतरी खालून धरून ठेवलाय असं वाटतं. आज मी तीन पोरांना लागोपाठ पाडलं. काका म्हणणारा एक त्यातच होता, तो आता दादा म्हणतो. घड्याळ म्हणाले, गेल्या दोन महिन्यांत तू असा उभा राहिला नव्हतास. झालं काय? मी म्हटलं, बूट बदलले.

तेरा दिवस उरलेत. मी जिंकेन असं पहिल्यांदाच वाटतंय.

बारक्या


११ जानेवारी

ताई,

हरलो. उपांत्य फेरीत. बूट उत्तम होते, त्यांचा काही दोष नाही.

आत्ता घरी येत नाही. थोडे दिवस इथेच राहीन. रागावू नकोस.

बारक्या


१८ जानेवारी

बारक्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. हरलास त्याचं दुःख मला आहेच. पण दाजी रोजचा पेपर मागून पुढे वाचतात, खेळांचं पान आधी. त्यात एका कोपऱ्यात होतं की तुझ्या गटातली एक कुस्ती दुखापतीमुळे अर्ध्यात थांबली. नाव नव्हतं. दाजींनी मला न दाखवता पान घडी करून ठेवलं. ते मी फर्म्यांना गुंडाळायला घेतलं तेव्हा सापडलं.

रविवारी शिबिराच्या केंद्रावर फोन केला. कुणीतरी म्हणालं, तू तिथे नाहीस. कुठे आहेस हे सांगायला ते तयार नाहीत, मला सांगू नका असं तूच सांगून ठेवलंयस म्हणे.

मी रडूनबिडून झालेय. आता सगळं खरं लिही. हे पत्र केंद्रामार्फतच पाठवतेय. पोस्टाच्या शिक्क्यावरून शोधत यायला मला एक दिवस लागेल, पण तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

हॉस्पिटलात होतो. आता मित्राच्या खोलीवर आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना उतरता येत नाही म्हणून दहा दिवस याच खोलीत आहे. पलंग, खुर्ची, दोन कुबड्या आणि मी.

खरं लिहितो. डावा पाय सप्टेंबरपासून दुखत होता. वरच्या बाजूला, नाडी बांधतो तिथेच. सकाळी सुजायचा, सरावात गरम झाला की कमी व्हायचा. शिबिराच्या तपासणीत मी खोटं बोललो. नोव्हेंबरात तुला कागद पाठवायची वेळ आली तेव्हा तो इतका सुजलेला होता की पेन्सिल फिरवली असती तर तुला लगेच कळलं असतं. म्हणून उजव्या पायाचा कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला, वर दुसरा कागद ठेवला आणि तीच रेघ गिरवली. तोच तुला डावा म्हणून पाठवला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

चाचणीत पहिल्या दोन कुस्त्या सहज जिंकलो. तिसऱ्यात समोरच्यानं उजवा पाय धरला, मी सगळं अंग डाव्यावर टाकून रेटा दिला. आवाज आला. मला आला तसा पंचांनाही आला, त्यांनी माझ्याआधी शिट्टी फुंकली.

पायाच्या कमानीतलं एक लहानसं हाड असतं. तीन-चार महिने त्याला चीर होती, मी ती तोडून पूर्ण केली. दोन स्क्रू घातलेत. डॉक्टरबाई फार सरळ बोलतात. म्हणाल्या, सप्टेंबरात दीड महिना पाय टेकला नसतास तर आपोआप भरलं असतं. डिसेंबरात थांबला असतास तरी वर्षाभरात मॅटवर उभा राहिला असतास. आता चालता येईल, थोडं लंगडत. कुस्ती नाही.

तुला फसवलं. माफ कर. तुझी यात काडीचीही चूक नाही.

बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र वाचून चार दिवस बाकावर बसले नाही. वजनवाल्या बाई दोनदा येऊन गेल्या, दाजींनी त्यांना मी आजारी आहे असं सांगितलं.

माझी काडीचीही चूक नाही असं लिहिलंयस. ते खोटं आहे आणि मी ते अंगावर घेणार नाही.

मला माहिती होतं. कागद आले त्याच दिवशी मी त्यातला एक पालथा करून ते एकावर एक दिव्यासमोर धरले. बाबांनी शिकवलेलं पहिलं काम तेच, दोन पायांतला फरक आधी बघायचा. जगात कुणाचे दोन पाय सारखे नसतात. तुझे तर नाहीतच. आणि तुझे कागद रेघेला रेघ जुळले. मी हसले नाही. मी खुर्चीवर बसले. माणूस एक पाय लपवतो तो काय उगाच?

मग तू सैल ठेव म्हणालास, तळ टणक कर म्हणालास, आणि मला सूज कुठे आहे, दुखतं कुठे, सगळं कळलं. बोटानं दाखवल्यासारखं. मी काय करायला हवं होतं ते धडधडीत समोर होतं. मी काय केलं? डाव्या तळात कमानीखाली चामड्याचा दुसरा थर घातला. कडा तासून पातळ केल्या, वरून अस्तर चिकटवलं. तीन वेळा उसवला तो त्यासाठी. मी तो बूट जुन्या मापाचा घट्ट केला असता तर तुझा सुजलेला पाय आत गेलाच नसता. तू थांबला असतास. मी तो जाईल असा केला, आणि गेल्यावर दुखणार नाही असा केला. जे दुखणं तुला थांबवणार होतं ते मी माझ्या हातांनी बंद केलं. आयुष्यात इतका चांगला बूट मी कधी केला नाही.

तू विचारशील का केलंस. खांद्याच्या वेळी मी बोलले आणि भाऊ गमावला. या वेळी म्हटलं, कानाडोळा करीन पण भाऊ ठेवीन. आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. माझ्या हातचे बूट तिथे उभे राहावेत असं मलाही वाटत होतं. तुझ्याइतकंच.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मीही मागच्या पत्रात सगळं लिहिलं नव्हतं. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून एक गोष्ट गाळली होती. आता तूच सगळं अंगावर घ्यायला निघालीस, तर सांगतो.

खोकं आलं तेव्हा बुटांत हात घातला असं मी लिहिलं होतं. उजव्यात एक थर होता. डाव्यात दोन. कडा तू कितीही तासल्यास तरी माझी बोटं पण बाबांच्याच बाकावर वाढलीत. मला तेव्हाच कळलं की तुला कळलंय.

मग मी दोन्ही बुटांत पुन्हा हात घातला. कागद पसरला, खोकं उलटं केलं, पट्ट्या उलगडल्या. मी चिठ्ठी शोधत होतो.

ताई, हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला बूट दुकानातून घेता आले असते. पाय लपवायचाच होता तर अख्ख्या जगात जिला तो कागद खोटा आहे हे कळणार, तिलाच तो का पाठवला? मला थांबायचं होतं. पाय इतका दुखायचा की सकाळी मी गुडघ्यांवर बाथरूमला जायचो. पण स्वतः होऊन थांबायचं धैर्य नव्हतं. एकतीस वर्षांचा घोडा, पण वाटत होतं की ताई चिडेल, बस पकडून येईल, सगळ्यांसमोर कान धरून नेईल, आणि मग मी तिच्या नावानं खडे फोडत घरी जाईन. पुन्हा दीड वर्ष अबोला धरला असता, धरायचाच होता. पण पाय राहिला असता.

चिठ्ठी नव्हती. दुसरा थर होता आणि पत्रात होतं, जोर लाव. मी त्याचा अर्थ असा घेतला की ताईनं बघितलं, विचार केला, आणि हो म्हणाली. म्हणून मी जोर लावला.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तू बोलशील म्हणून मी गप्प बसलो, आणि मी गप्प आहे म्हणून तू गप्प बसलीस. चूक कुणाची हे आता शोधूनही पाय बरा होणार नाही. मला तुझ्यावर राग नाही. असता तर सोपं झालं असतं.

बारक्या


२८ फेब्रुवारी

बारक्या,

शनिवारी सकाळी गाडी घेऊन आम्ही दोघं येतोय. जिन्यावरून दाजी तुला पाठीवर घेतील, ते आत्तापासून सराव करताहेत, काल माझ्या शिलाई मशीनवर प्रयोग झाला. या वेळी येऊ का असं विचारत नाही.

आणि हे पाकीट. ते उघडण्याआधी एवढं वाच.

चिठ्ठी लिहिली होती. बूट पॅक करायच्या आदल्या दिवशी लिहिली आणि डाव्या बुटात, पार टोकाला सारून ठेवली. पोस्टात माझ्यापुढे चारजण होते. तेवढ्या वेळात मला तू दारावरून जाताना दिसायला लागलास, मान वळवून, तेव्हा जायचास तसा. पुढे दोघं उरले तेव्हा मी खोक्याची दोरी सोडली, चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली आणि दोरी पुन्हा बांधली. मोठ्या पत्राचा शेवटचा भाग लिहायचा राहिला होता, तो खिडकीशी उभी राहूनच लिहिला. आधी घालून फीर, मग मॅटवर जा. जोर लाव.

चिठ्ठी फेकून द्यायचा धीर तेव्हाही झाला नाही. तुझी आहे, तुला पोचायला हवी.

ताई


(सोबतची चिठ्ठी)

१४ डिसेंबर

बारक्या, हे बूट घालू नकोस. डाव्या पायाला काय झालंय ते मला सांग. कुणाला कळवणार नाही, रागावणारही नाही. तू फक्त घरी ये.